डावा कान

खोटं बोलायचंच झालं तर थोडक्यात बोलावं, एवढी साधी गोष्ट कलाकारांना एकतीस वर्षं कचेरीच्या आवक-जावक विभागात काढूनही कळली नव्हती. "फुलदाणी विकली गेली," एवढं बोलून त्यांनी तोंड मिटलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण बायकोने विचारलं, "कुणी घेतली हो?" आणि कलाकारांच्या तोंडून एक बाई बाहेर पडल्या. बाईंच्या हातात निळी पर्स होती. दुसऱ्या दिवशी बायकोने पुन्हा चौकशी केली तेव्हा त्या बाई मोठ्या गाडीतून उतरल्या होत्या, आणि आठवडा संपायच्या आत गाडीच्या मागच्या सीटवर दोन कुत्रेही येऊन बसले.

कलाकार हे त्यांचं नाव नव्हे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कागदाच्या लगद्याच्या वस्तू करायला घेतल्या तेव्हा इमारतीतल्या लोकांनी हे नाव ठेवलं, आणि ते उच्चारताना सगळे किंचित हसत. कलाकार ते हसू कौतुकाचं धरून चालत. आतापर्यंत त्यांनी चार वाडगे, एक फुलदाणी आणि एक घोडा केला होता. घोड्याला लोक बकरी म्हणत, पण कलेत हे चालायचंच.

हे सगळं ज्या खोलीत चाले ती मुळात बायकोची शिवणाची खोली. खिडकी मोठी, उजेड भरपूर. कलाकारांनी फार गळ घातली तेव्हा बायकोने मशीन बाहेर, जाण्यायेण्याच्या वाटेत आणून ठेवली आणि अट घातली, "तीन महिने. तेवढ्यात तुमची एक तरी वस्तू परक्या माणसाने आपल्या पायाने येऊन नेली तर खोली तुमची. नाहीतर माझी मशीन परत आत." नव्वदाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत परका माणूस काही आला नाही. मग त्या निळ्या पर्सवाल्या बाई आल्या.

खरी गोष्ट अशी होती की फुलदाणी कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याच्या दुकानात विक्रीला ठेवलेली होती, आणि फ्रेमवाला तिच्यात खिळे ठेवत होता.

असो. या गोष्टीला तीन महिने झाले. बायकोने सगळ्या इमारतीला सांगितलं होतं की यांच्या वस्तू आता गाडीवाली माणसं नेतात. कलाकार मात्र तेव्हापासून दारावरची बेल वाजली की खोलीत जाऊन बसत. त्यात गेलं वर्षभर बायको त्यांच्या निम्म्या बोलण्याला उत्तरच देत नसे. आवक-जावक विभागात ज्यांना उत्तर द्यायचं नसे अशा पत्रांवर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारत. आपणही घरात दप्तरी दाखल झालो, हे कलाकारांच्या मनाला फार लागलं होतं. पण ज्याने स्वतः निळी पर्स रचलीय त्याने तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

अशात एका गुरुवारी फ्रेमवाल्याने त्यांना हाक मारून बोलावलं.

"साहेब, ऑर्डर आणलीय तुमच्यासाठी. मागच्या गल्लीत त्या कानाच्या डॉक्टरीणबाई नवा दवाखाना उघडताहेत. पुढच्या रविवारी उद्घाटन. त्यांची सगळी प्रमाणपत्रं माझ्याकडे फ्रेमला आहेत. दाराच्या डावीकडे भिंतीवर लावायला त्यांना एक मोठा डावा कान हवाय. तीन फुटी. मी तुमचं नाव सांगून टाकलं."

खरीखुरी ऑर्डर! कलाकार घरी पोचेपर्यंत रस्त्यात दोनदा ठेचकाळले. ही वस्तू भिंतीवर लागली की ते खोटं आपोआप खरं होणार होतं, निदान मागून खरं होणार होतं, आणि कचेरीत मागच्या तारखेने कितीतरी गोष्टी नियमित करून घेतल्या जातात हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. बायकोलाही आनंद झाला.

"उद्घाटनाला आपण दोघं जाऊ हं," ती म्हणाली. "फ्रेमवालेही असतीलच ना तिथे? त्यांना विचारते, त्या निळ्या पर्सवाल्या बाई पुन्हा आल्या होत्या का."

कलाकारांनी काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या.

ते उलटपावली दुकानात गेले आणि फ्रेमवाल्याला एका बाजूला घेऊन म्हणाले, "फुलदाणीचा विषय आमच्या घरी काढू नका."

"मी आपण होऊन नाही काढणार," फ्रेमवाला मिशीत हसत म्हणाला. "पण वहिनींनी विचारलं तर खरं ते सांगेन. मला खोटं जमत नाही, साहेब."

"पण आहे कुठे ती? दिसत नाही."

"आहे, चांगल्या जागी आहे," असं म्हणून तो काच कापायला लागला.

म्हणजे रविवारपर्यंत दोन कामं करायची होती. कान करायचा, आणि बायकोला खरं सांगायचं. कलाकारांनी त्यातलं सोपं काम आधी हाती घेतलं.

कान करायचा तर समोर कान हवा. कलाकारांनी स्वतःचाच निवडला, कारण तो चोवीस तास उपलब्ध होता. पण आपला कान आपल्याला दिसत नाही ही निसर्गाने करून ठेवलेली सोय आहे, ती मोडू नये. एक आरसा पुढे, एक मागे धरून त्यांनी दोन दिवस मान वळवली आणि तिसऱ्या दिवशी ती वळलेलीच राहिली. जिन्यात भेटलेल्या लोकांकडे त्यांना सरळ बघता येईना. एक ऑर्डर काय मिळाली, यांची मान बघा कशी ताठ झाली, असं दोन मजल्यांवर बोललं गेलं. शेवटी बायकोच म्हणाली, "माझा घ्या कान. नाहीतरी मी खिडकीशी तुरपाई करत बसलेली असते." उजेड तिच्या डाव्या बाजूने येई आणि हवा होता तोही डावाच. एका कामात तरी दैव आपल्या बाजूने आहे, असं कलाकारांना वाटलं.

तारेची जाळी वाकवून त्यांनी कानाचा सांगाडा केला. आता लगदा. दोन बादल्या भिजलेले कागद हाताने कुटायला वेळ नव्हता, म्हणून बायको बाजारात गेलेली पाहून त्यांनी ते मिक्सरमध्ये घातले. पहिल्या भांड्याचं झकास गंधासारखं झालं. दुसऱ्या भांड्याला मिक्सर कण्हला, तिसऱ्याला त्याने धूर सोडला आणि मान टाकली. खळ करायला डब्यातलं गव्हाचं पीठ लागलं, तेही सगळं. खळीत किडामुंगी लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण स्वयंपाकघरात विष आणाल तर तुम्हाला खोलीसकट बाहेर काढीन असं बायकोने पूर्वीच बजावलेलं होतं. कलाकारांनी मोरचूद वगळला. ही नोंद पुढे कामाला येईल.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरना वास गेला आणि ते चपला न घालताच खाली आले. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस; कुठल्याही वस्तूकडे तो ती कधी पडेल याच नजरेने बघतो.

"वजन किती होईल?" त्यांनी विचारलं.

"कागद आहे हो. हलका असतो."

"ओला कागद हलका नसतो. आणि हा बाक पुढे झुकलाय. पाळी खाली लोंबणार, वरची वळी पुढे येणार, आणि एक दिवस कुणा पेशंटच्या डोक्यावर कान पडणार. केस चालेल तुमच्यावर." एवढं शुभ बोलून त्यांनी चहा घेतला आणि जाताना मागच्या बाजूला दोन आडव्या पट्ट्या टाकायला सांगितल्या. कलाकारांनी चार टाकल्या. त्यामुळे कान वाळायला दुप्पट वेळ लागणार हे इंजिनिअरनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं.

सोमवारी कान वाळवायला गॅलरीत ठेवला. गॅलरीत ऊन एकाच कोपऱ्यात येई, आणि त्या कोपऱ्यातून कान जिकडे तोंड करी तिकडे समोरच्या काकूंची खिडकी होती. समोरच्या काकूंना इमारतीतल्या सगळ्या घरांतल्या बातम्या असत. त्या बातम्या त्यांना कशा कळतात हा विषय कुणी काढत नसे, म्हणून सगळं सुरळीत चालू होतं. आता त्यांच्या खिडकीसमोर तीन फुटी कान उभा राहिला.

चोराच्या मनात चांदणं. पंधरा मिनिटांत काकू दारात.

"भाऊजी, काय ते स्पष्ट बोला. मी भिंतीला कान लावते, असंच ना तुमचं म्हणणं?"

"अहो काकू, ऑर्डर आहे ती. दवाखान्याची."

"मग दवाखान्याकडे तोंड करून ठेवा! आणि परवा तुमच्या मिक्सरचं काय झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, हे लक्षात असू द्या."

बायको पाठीमागेच उभी होती. मिक्सरची बातमी तिला अशी कळली.

संध्याकाळी सेक्रेटरींची नोटीस आली. 'गॅलरीच्या दर्शनी भागात अवयव ठेवल्याने सभासदांमध्ये गैरसमज पसरत आहे, तरी सदर अवयव चोवीस तासांत हलवावा अथवा समितीची ना-हरकत घ्यावी.' कलाकारांना मनातून बरंच वाटलं. अर्ज हे त्यांचं मैदान होतं. त्यांनी समास सोडून, संदर्भ घालून, सुवाच्य अक्षरात असा अर्ज लिहिला की तो फ्रेम करावा. सेक्रेटरींनी तो वाचला, उलटा करून पाहिला आणि परत दिला.

"जोडपत्र नाही."

"कसलं जोडपत्र?"

"सदर कान कोणत्याही सभासदाला उद्देशून नाही, असं. आणि त्यावर समोरच्या काकूंची सही."

एकतीस वर्षं कलाकारांनी हाच शब्द खिडकीपलीकडच्या लोकांना ऐकवला होता. 'जोडपत्र नाही.' तो अलीकडून ऐकताना कसा लागतो हे त्यांना आज पहिल्यांदा समजलं, आणि ज्या शेकडो लोकांना त्यांनी परत पाठवलं होतं ते सगळे आपल्यामागे रांगेत उभे आहेत असं वाटून त्यांनी अवघडलेल्या मानेने मागे वळून पाहिलं. काकू सही करेनात. दोन दिवस गेले. कान खोलीत पंख्याखाली आणावा लागला.

आणि गुरुवारी सकाळी पाहतात तो कानाची पाळी गायब! उंदरांनी कुरतडून नेली होती. नुसत्या पिठाची खळ, त्यांना पंगत वाढल्यासारखीच झाली. कलाकार खाली बसले ते बसलेच. तीन दिवसांवर उद्घाटन, अर्ज अडकलेला, मान अजून पुरती सरळ झालेली नाही, आणि खरं सांगायचं काम तसंच पडून.

"रडताय काय?" बायको म्हणाली. "पाळीच आहे. पुन्हा करा. मी बसते."

ती खिडकीशी तुरपाई घेऊन बसली, डावा कान त्यांच्याकडे करून. कलाकार लगदा दाबत होते आणि कानाकडे बघत होते. पाळीला भोक, त्यावर एक बारीक तीळ, मागे केसांत चार पांढरे. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा कान एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. घरात दुसरं कुणी नव्हतं. कान वाळवायला लावलेला पंखा घरघरत होता. सुई कापडातून जायची तेवढीच हालचाल. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली.

"अगं, तुला एक सांगायचं होतं."

सुई चालूच राहिली. तिने मान वर केली नाही, हे त्यांना बरंच वाटलं. मग ते खालच्या आवाजात बोलत गेले. फुलदाणी कुणी घेतली नाही. निळी पर्स नाही, गाडी नाही, कुत्रे तर मुळीच नाहीत. तुझी खोली मी खोटं बोलून घेतली. कचेरीत माझ्याशिवाय पान हलत नाही असं मी समजत होतो, पण मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशीही पानं हलत होती. इथे खोलीत आलो की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. ती गेली तर मी काय करू हेच मला सुचेना. तू जिन्यात लोकांना अभिमानाने सांगतेस तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. बोलता बोलता डोळ्यांतून दोन थेंब नव्या पाळीवर पडले. ते त्यांनी अंगठ्याने लगद्यात जिरवून टाकले.

बायकोने दाताने धागा तोडला आणि वळून पाहिलं.

"झालं?"

"झालं," कलाकार म्हणाले.

"मग चहा टाकते. मान अवघडली माझी."

बस, एवढंच! एका शब्दाने दोष दिला नाही, टोमणा नाही, रागाची रेषा नाही. किती मोठं मन या बाईचं, असं म्हणून कलाकारांनी डोळे पुसले. दुपारी बेल वाजली तेव्हा तीन महिन्यांत पहिल्यांदा दार त्यांनी स्वतः उघडलं. शुक्रवारी त्यांनी गुणगुणत रंग दिला. शनिवारी बायको समोर जाऊन काकूंशी काय बोलली कोण जाणे, पण जोडपत्रावर सही होऊन आली. ना-हरकतही मिळाली, मात्र जिन्यातून नेताना कानाचं तोंड भिंतीकडे असावं या अटीवर.

रविवारी सकाळी कान निघाला. पुढून कलाकार, मागून इंजिनिअर, आणि 'सही माझी आहे, तेव्हा मी बघणारच' म्हणून काकू. बायको उजव्या बाजूने तोल सांभाळत होती. दवाखान्यात फ्रेमवाला शिडीवर प्रमाणपत्रं टांगत होता. त्याला पाहून कलाकारांनी मोकळेपणाने हात हलवला. आता भीती कसली?

कान भिंतीवर चढला. बाक बरोबर बसला होता, पाळी जागच्या जागी होती, आणि इंजिनिअरनी दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिल्यासारखं करून "ठीक आहे" म्हटलं. डॉक्टरीणबाई मागे सरून बघतच राहिल्या.

"काका, हा तर अगदी खरा कान आहे. तीळसुद्धा! कुणाचा?"

"हिचा," कलाकार म्हणाले, आणि त्यांची मान या वेळी खरोखरच ताठ झाली.

डॉक्टरीणबाई हसत बायकोच्या डाव्या बाजूला गेल्या. "काकू, तुमचा कान आता रोज माझ्या दारात." बायको भिंतीकडे बघत उभी होती. फ्रेमवाल्याची हातोडी चालू होती. डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने. बायको भिंतीकडेच बघत राहिली. डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला, "दोन मिनिटं आत येता?" असं समोर जाऊन विचारलं आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

दोनाची वीस मिनिटं झाली.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "काका, यांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. निदान वर्षभर तरी. यंत्र लावलं तर बराच फरक पडेल, पण उशीर केलात. उद्या सकाळी सगळ्या तपासण्यांना घेऊन या."

"अगं, मग बोलली का नाहीस?" कलाकारांनी विचारलं.

"तुम्हाला काळजी करायला आधीच काय कमी आहे?" बायको म्हणाली. "आणि उजव्याने भागत होतं."

"म्हणजे भाऊजी," समोरच्या काकू मध्येच म्हणाल्या, "माझ्याकडे तोंड करून ठेवलेला कान बहिराच होता तर. उगाच भांडले मी."

कुणी हसलं, कलाकार हसले नाहीत. आठवडाभर आपण हा कान बघत होतो. त्याची प्रत्येक वळी बोटांना पाठ झाली, तीळ दिसला, केस मोजले, आणि त्यात आवाज जात नाही हे तेवढं कळलं नाही. वर्षभर ती उत्तर देत नव्हती आणि आपण दप्तरी दाखल झालो म्हणून फुगून बसलो. त्यांना स्वतःची लाज वाटली. रडूही आलं असतं, पण तेवढ्यात त्यांना गुरुवार आठवला.

खिडकी. तुरपाई. पंखा. डावा कान.

पालथ्या घड्यावर पाणी! एक अक्षर पोचलेलं नव्हतं. मोठं मन वगैरे काही नव्हतं, तिला नुसती मान अवघडली होती. आणि समोर फ्रेमवाला हातोडी खिशात घालून शिडीवरून उतरत होता. तोंडभर हसू, आणि पावलं सरळ बायकोच्या दिशेने.

"वहिनी, नमस्कार!"

कलाकारांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती चपळाई केली. दोन खुर्च्या ओलांडून, इंजिनिअरच्या पायावर पाय देऊन ते बायकोच्या उजव्या बाजूला पोचले आणि तिच्या उजव्या कानाशी वाकून एका दमात म्हणाले, "फुलदाणी विकली गेलीच नाही, मी खोटं बोललो, खोली गेली तरी चालेल पण ते यांच्या तोंडून ऐकू नकोस."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग फ्रेमवाल्याकडे पाहिलं. फ्रेमवाला जागीच थांबला आणि भिंतीवरची एक सरळ फ्रेम सरळ करू लागला.

"विकली गेली नाही कशी?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही सांगितलंत त्याच्या आठवडाभराने मी फोटोची काच बदलायला गेले होते यांच्याकडे. खिळे भरून ठेवले होते हो तिच्यात. मला बघवेना. घेतली आणि आले. कपाटात माझ्या चादरींच्या मागे आहे."

"मग... मग तू रोज विचारत होतीस ते?"

"तुम्ही इतकं रंगवून सांगायचात, ऐकायला बरं वाटायचं. मुद्दाम तुमच्या डावीकडे येऊन बसायची मी." तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना आपल्या उजव्या बाजूलाच ठेवून दाराकडे वळवलं. "अट काय होती? कुणीतरी आपल्या पायाने येऊन न्यायची. नेली. खोली तुमची. पण मला ती निळी पर्स आणून द्यायची आता. कुत्रे नकोत."